फळी वाढली

आमच्या घरात कवा काय मोडत नव्हतं, फुटत नव्हतं, सपत नव्हतं. सगळं वाढायचं. गाडगं हातातनं निसटून त्याच्या खापऱ्या झाल्या तरी मनुवैनी म्हनायची, “गाडगं वाढलं.” डब्यातलं मीठ सपलं, का “मीठ वाढलं.” दिवा इझवायचा न्हाई, वाढवायचा. आता नारळ काय कुनी फोडत न्हाई, वाढिवत्यात, ही रीत घरोघरी हाय. सनासुदीला वंगाळ शबुद तोंडातनं काढू नये, येवढंच. पर वैनीनं पैल्यापासनंच त्या रितीचा पार कळस केला. तिचा एकुलता एक लाला पलटनीत भरती झाला, तवापासनं तर आमच्या घरात रोजच सन.

एकदा चुलीमागची भिंत ढासळली. वैनीनं गवंड्याला सांगावा धाडला, भिंत वाढलीया, ये म्हनून. त्यो भाद्दर दारात उभा ऱ्हाऊन म्हनतोय, “आपसूक वाढली तर मला कशापायी बलिवलं, काकी?” मी पोट धरून धरून हसली. वैनी माज्याशी बोलायची बंद झाली.

मी बनुबाई, लालाची आत्या. माजं लगीन झालं तवा मला लुगडं बी नेसाया येत नव्हतं. वरसाच्या आतच नवरा पटकीनं गेला. त्याचं तोंड बी मला आठवत न्हाई. आठवतं ते सासरचं अंगन, आनि गोळा झालेल्या बायका. एक म्हातारी माज्या गालावरनं हात फिरवून म्हनली, “ये बाळ, तुज्या बांगड्या वाढवायच्या हाईत.” मला वाटलं, आनखी बांगड्या भरनार. हिरव्यागार, कोपरापातूर. म्या हासत हासत दोनी हात म्होरं केलं. म्हातारीनं माजं मनगट धरलं आनि दगडावर आपटलं.

तवापासनं त्या शब्दाचं आनि माजं वाकडं हाय. जे हाय ते तोंडावर बोलावं, असं मला वाटतं. गाव माज्या जिभंला काळी जीभ म्हनतंय. म्हनंना का! लालाला तर मी ल्हानपनापासनं “मेल्या” म्हनायची. “ये मेल्या, जेव. मेल्या, कुटं उलथला हुतास?” मायेनंच की. त्याला बी दुसऱ्या कुनी म्हनलं तर राग यायचा, माजं ग्वाड लागायचं. पर त्यो लढाईवर गेला आनि वैनीनं माज्या तोंडाला कुलूप घातलं. डोळ्यात पानी आनून म्हनली, “वन्सं, माज्या लेकाला त्यो शबुद परत लावू नगा. तुमच्या पाया पडते.” ती पाया पडाया लागली म्हनल्यावर मी काय करनार? सोडला शबुद.

आनि लाला आला. लढाई सपली, साल उलटलं, आनि आला. इटलीत गुडघ्यात गोळी बसली हुती, काठी टेकून चालायचा, पर आला. वैनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकताना माज्याकडं बघून म्हनली, “बघा वन्सं. माज्या घरात एक वंगाळ शबुद उमटला न्हाई, म्हनून माजं लेकरू परत आलं.” खालच्या आळीतली पोरं गेली ती गेलीच. त्यांच्या आया काय वंगाळ बोलल्या हुत्या? शबुद माज्या व्हटावर आलता. पर तिचं तोंड असं काय फुललं हुतं, का म्या गिळला.

घरी धाडायच्या आदी सरकारनं लालाला पाचगनीच्या वरल्या अंगाला एका शेटच्या हाटेलात ठिवला हुता. जखमी शिपाई तितं बरं हुईस्तवर ऱ्हायचे. हाटेलाच्या खाली तळं, आनि तळ्यावर लाकडी फळ्यांची वाट. काठापासनं निघून पान्यावरनं सरळ आत गेलेली, दोनी कडंनी कठडा. सांजच्याला कठड्याला कंदील टांगायचे. वर हाटेलात बेंड वाजायचा आनि गोरे साहेब, मडमा, त्यांची पोरंसोरं त्या फळ्यांवरनं टकटक बूट वाजवीत फिरायची. त्या घोळक्यात आमचा लाला काठी टेकत एकलाच.

“आत्ये,” त्यो मला म्हनला, “एक साहेब हुता. आपल्या म्हाताऱ्या आईला रोज हाताला धरून टोकापातूर न्यायचा. तिला दिसत बी नव्हतं धड. मला लय वाईट वाटायचं. माजी आई उसाच्या फडात वाकलीया आनि मी हितं बेंड ऐकतोय. तवाच ठरिवलं. एक सांज माज्या मानसांची. आई, अंजना आनि तू. फळ्यांवरनं फिरायचं, टोकाला बसायचं, दुधाचा बरफ खायाचा आनि दिस बुडताना बघायचा.”

“आनि तुजा बा?”

“त्यो उसाला सोडून येतोय व्हय?”

ते बी खरंच हुतं. माजा भाऊ आकाराम, त्याची पान्याची पाळी आली म्हंजे त्याला सरगाचं इमान आलं तरी त्यो बसनार न्हाई.

मग काय, घरात दुसरा इषयच न्हाई. वैशाखातला दिस धरला. वैनीनं दशम्या करायच्या का धपाटी, ह्याच्यावर आमचं दोघींचं भांडान झालं. शेवटाला दोनी केलं. अंजनाचं म्हायेर सांगलीजवळ माधवनगरला. बाप गिरनीत. त्यानं धाडलेलं निळं लुगडं तिनं काडलं, परत ठिवलं, परत काडलं. लगीन झाल्या झाल्या लाला लढाईवर गेलेला, त्या पोरीनं नवरा असा बघितलाच नव्हता. आता त्यो नुसता खोकला तरी ती हातातलं काम टाकून बघायची. लालानं वैनीला पायताण आनलं. फळ्यांमदी फटी हाईत, आंगठा अडकतोय म्हनून. वैनीनं ते घालून अंगनात चालून दाखिवलं, आनि आमी सगळी हसलो.

त्याच सांजला लालानं काठीनं अंगनातल्या धुळीत सगळी वाट काडून दाखिवली. “ह्यो काठ. हितं तुमी उतरायचं. हितनं फळ्या सुरू. हे कंदील. हितं बसाया बाक. आनि हे टोक.” टोकाच्या म्होरं, जरा अंतर सोडून, त्यानं एक गोल काडला. “ही पान्यातली छत्री. खडकावर बांधलीया. मडमा लांबनंच बघायच्या, कारन फळ्या तितपातूर पोचत न्हाईत. पर शेट म्हनत हुता, औंदाच्या साली वाट वाढवायची. पार छत्रीपातूर. वाढली असंल तर अंजना, तुला छत्रीत बसवतो बघ, मडमा बी जिथं गेल्या न्हाईत तितं.” आनि टोकापासनं गोलापातूर त्यानं काठीनं नुसते ठिपके दिले.

अंजना लाजली. वैनी म्हनली, “पुसू नगा गं कोन. ऱ्हाऊ द्या.” पर कोंबडीला कोन सांगनार? ती आली आनि नेमकी त्या ठिपक्यांवर उकराया लागली. वैनीनं तिला येवढ्या जोरात हाकललं, का मी बघतच ऱ्हायली. तिच्या तोंडावरचं हासू पार गेलं हुतं. म्हनली, “वन्सं, एक कबूल करा. तिकडं गेल्यावर तुमी तोंड उघडायचं न्हाई. येवढी सांज माज्या लेकाची नीट जाऊ द्या. मग घरी येऊन मला हव्या तेवढ्या शिव्या द्या.”

म्या कबूल केलं. मला बी त्या फळ्या बघायच्या हुत्या.

निघायच्या दिशी सकाळी आमी वेशीपातूर बी पोचलो नव्हतो, तर मागनं आकारामदादा खोरं घिऊन धावत आला आनि वरडला, “आरं, परत कवा येनार?”

झालं! मागनं हाक मारली. वैनी जागच्या जागी खिळली. सगळ्यांस्नी माघारी घरात नेलं, पाटावर बसिवलं, गूळ-पानी दिलं, देवाला हात जोडाया लावलं आनि मग नव्यानं भाईर काडलं. त्या नादात कोरेगावची पैली मोटार चुकली. दुसरी आली ती कोळशावर चालनारी. साताऱ्यात परत खोळंबा. वाईवरनं पसरनीचा घाट चढताना तर मानसं उतरून ढकलत हुती. लाला सारखा उनाकडं बघायचा. “दिस बुडायच्या आदी पोचाया पायजे,” म्हनायचा. वैनी पदराखाली जपमाळंवानी बोटं मोजत बसली हुती.

पोचलो तवा दिस डोंगराआड गेला हुता. उजेड हुता, पर नुसता राखंवानी. तळ्यावर धुकं उतराया लागलं हुतं. गोरी मानसं औंदा कमीच. सगळी बाडबिस्तरा बांधायच्या मागं. फळ्यांच्या वाटंवर एक बी मानूस न्हाई. अर्ध्यापातूर कंदील लागलेलं, म्होरं न्हाईत. म्या ऐकलं हुतं तेवढी मजा काय मला दिसंना. तळं काळं, हलत न्हाई, आनि बेडकाचा बी आवाज न्हाई. पर कबूल केलं हुतं न्हवं? गप बसली.

लाला मातूर पोरावानी खुळावला हुता. “तुमी काठाला पथारी टाका. मी शेटला भेटून बरफ घिऊन येतो.” अंजनाला घिऊन त्यो वर हाटेलाकडं गेला. आमी दोघी खाली ऱ्हायलो.

तेवढ्यात हातात कंदील घिऊन एक मानूस आला. दाढी थोडी पिकलेली, अंगात हाटेलाचा खाकी कोट. लालानं त्याच्याबद्दल लय सांगितलं हुतं, म्हनून म्या वळखला. जाफर. मिरजेकडचा. तळ्याचा राखनदार. लालाचा पाय उचलत नव्हता तवा हाच त्याला खांद्याला धरून फळ्यांवरनं चालवायचा.

“नाईकसाबांची आई ना तुमी?” त्यो वाकून म्हनला. नाईक म्हंजे लालाचा पलटनीतला हुद्दा. “सलाम, आई. लय याद करायचे तुमची.”

वैनीचं काळीज हारखलं. दशमीच हातावर ठिवाया लागली. पर त्याचं ध्यान तळ्याकडं. म्हनला, “आई, एक सांगायचं हुतं. टोकाकडं जाऊ नका. छत्रीपातूर न्यायाला नवे खांब रोवलेत पान्यात. ते रोवताना वरनं भलामोठा ओंडका पडला आनि टोकाच्या फळ्या मोड—”

“गप!” वैनी येवढ्यानं वरडली का त्याचा कंदील हलला. मग तिनं हातच जोडलं. “बाबा, आज माज्या लेकाची सांज हाय. मरनाच्या दाढंतनं परत आलाय त्यो. आज मोडली-बिडली म्हनू नगा. वाढली म्हना.”

“काय, आई?”

“वाढली. फळी वाढली. आमच्यात असंच म्हनत्यात.”

जाफरनं माज्याकडं बघितलं. म्या खाली बघितलं. “बरं आई,” त्यो म्हनला, शाळंतल्या पोरानं धडा म्हनावा तसा. “फळी वाढली. पर नाईकसाबांस्नी सांगाया पायजे. तुमीच सांगा त्यास्नी.”

“मी न्हाई. त्याच्या वाटंवर असलं काय हाय, हे माज्या तोंडानं मी न्हाई सांगायची. तुमीच सांगा. पर त्यो शबुद त्याच्या म्होरं काडायचा न्हाई. तुमची आई हाय?”

“हाय की. रहिमतबी. मिरजंलाच असती.”

“मग तिची शपत तुमाला.”

आता मातूर मला ऱ्हावंना. म्या म्हनलं, “वैनी, आगं खुळी का शानी तू? मोडली तर मोडली म्हनू दे की त्याला सरळ!”

वैनीनं माज्याकडं बघितलं. रागानं न्हाई. तिचं तोंड पांढरं पडलं हुतं. “वन्सं,” म्हनली, “तुमी कबूल केलं हुतं.” मी तोंड मिटलं. जाफर म्हनला, “दोरी आनाया वरच चाललोय. आडवी बांधून टाकतो, मग कंदील लावतो. नाईकसाब वाटंतच भेटतील, सांगतो त्यास्नी.” आनि चढनीला लागला.

माजी नजर त्याच्यावरच हुती. चढनीवर दिव्याच्या खांबाखाली त्याची आनि लालाची गाठ पडली. दोगं गळ्यात पडलं. मग जाफरनं हात तळ्याकडं केला आनि काय तरी बोलला. लाला थांबला, तळ्याकडं बघितलं, हासला, आनि जाफरच्या पाठीवर थाप मारली. बरं झालं, म्या मनात म्हनलं, सांगितलं बया यानं. माजा जीव खाली पडला.

लाला आनि अंजना द्रोनात बरफ घिऊन आली. वैनीनं पैला घास तोंडात घातला आनि “आई गं, दात!” म्हनून पदर तोंडाला लावला. लाला हासला, अंजना हासली, मी बी हासली. वैनीच्या डोळ्यातनं पानी आलं, गारठ्यानं का आनंदानं कोन जानं. म्हनली, “लाला, ह्याच्यासाठनं जगली बघ मी.” ती सांज खरंच ग्वाड हुती. तेवढी तेवढीच.

मग वैनीनं गाठोडं सोडलं. लेकाला सुखरूप आनलं म्हनून तळ्याची वटी भरायची हुती. हिरवा खन, तांदूळ, नारळ. म्हनली, “लाला, ह्यो नारळ तेवढा वाढव.”

“थांब आई,” लाला काठी घिऊन उठला. “नारळ टोकावरच वाढवू. तिकडं फळी वाढलीया म्हनं. बघून येतो आदी.”

वैनीनं नारळ मांडीवर ठिवला. “सांगितलं व्हय तुला?”

“व्हय, जाफरनं सांगितलंय सगळं.”

“मग जपून रं.”

“काय न्हाई हुत, आई.”

म्या बी ऐकलं ते. माज्या म्होरं झालं सगळं. पर आईच्या तालमीतलं पोर; ह्या घरात दूध प्यालेलं. त्यो ‘वाढली’ म्हनला म्हंजे ‘मोडली’च म्हनला, असं मी धरून चालली. वाटलं, फौजेतला मानूस, उडालेलं पूल बघितलेला, ह्याला मोडलेलं बघायची खोड हाय. लांबनं बघंल आनि येईल.

त्यो निघाला. फळ्यांवर त्याची काठी वाजाया लागली. मागनं अंजना, निळं लुगडं सावरीत. शेवटच्या कंदिलापाशी त्यानं तिला थांबिवलं, काय तरी बोलला, आनि एकलाच म्होरं गेला. धुक्यात त्याची पाठ दिसायची बंद झाली. काठीचा आवाज येत हुता. टक. टक. वर हाटेलात बेंड सुरू झाला. वैनी नारळाची शेंडी नीट करत हुती.

काठीचा आवाज थांबला.

पैल्यांदा लाकडाचा आवाज आला, मग पान्याचा, आनि मग अंजनाचा. तसं वरडनं म्या जल्मात ऐकलं न्हाई. मी धावली. वैनी बी धावली, पायातलं नवं पायताण तितंच पडलं. वरनं जाफर हातात दोरीचं भेंडोळं घिऊन उड्या टाकत आला, आमाला ढकलून म्होरं गेला आनि तसाच कोटासकट पान्यात पडला. लय येळ त्यो वर येत हुता, खाली जात हुता. हाटेलातली मानसं कंदील घिऊन आली. लालाला काडला तवा त्याच्या कपाळाला खोक पडली हुती. पडताना डोकं खालच्या खांबावर आपटलं हुतं. हाटेलात उतरलेला एक डाक्टर वाकला, हात धरला, आनि नुसती मान हलवली.

वैनी रडली न्हाई. लालाचं डोकं मांडीवर घिऊन बसली आनि जाफरला म्हनली, “सांगितलं नव्हतं व्हय माज्या लेकाला?”

जाफर नखशिखांत भिजलेला, थडथड उडत हुता. “सांगितलं, आई! खुदाची शपत, सांगितलं! तुमी सांगितलंत तस्संच सांगितलं. म्हनलं, नाईकसाब, टोकाला फळी वाढली हाय, ध्यानात ठेवा. ते हासले. झकास म्हनले. माजी पाठ थोपटली. माजं म्हननं, फौजी मानूस, कशाला भितोय. दुसरा शबुद कसा काडू, आई? तुमी शपत घातली हुती.”

अंजना कठड्याला धरून उभी हुती. तिला आदी कायच कळंना. मग ती हळूच म्हनली, “मला म्हनले, वाट वाढवलीया. पार छत्रीपातूर. खांब बी दिसत्यात नवे. तू थांब हितं, आदी मी बघून येतो, मग तुला मडमांच्या म्होरं नेऊन बसवतो.”

वर बेंड वाजतच हुता, कुनाला थांबवायचं सुचलं न्हाई. म्या वैनीकडं बघितलं. तिला कळलं हुतं. हाच शबुद तिच्या तोंडातनं आला असता, तर लालाला कळला असता. आईनं वाढली म्हनलं म्हंजे मोडली, हे त्याला बाळपनापासनं ठाव. पर जाफर काय कवा तसं बोलायचा न्हाई. जाफरच्या तोंडातनं आला, म्हनून त्यानं सरळ घेतला. त्याचं काय चुकलं? मला तवा जाफरचा बी राग येईना, वैनीचा बी येईना. राग आला त्यो त्या शब्दाचा. माज्या मनगटावर ज्यानं घाव घातला, त्योच ह्यो.

हाटेलाच्या मोटारीतनं आमी त्याला घरी आनला. आकारामदादा पाटाचं पानी तसंच सोडून आला. अंगनात माती तुडवत सगळा गाव गोळा झाला. धुळीत लालानं काडलेली वाट तशीच हुती, काठ, कंदील, बाक. मानसांच्या पायाखाली ती कवा गेली, कळलं न्हाई. वैनीनं हंबरडा फोडला न्हाई. गाठोड्यात नारळ तसाच, सगळाच्या सगळा, माघारी आला हुता. तिनं त्यो देव्हाऱ्याम्होरं नेऊन ठिवला आनि भितीला टेकून बसली.

लालाला नदीला नेल्यावर मागल्या परसात बायका बसल्या. अंजनाला मदी आनली. ते निळं लुगडं अजून तिच्या अंगावर हुतं, गुडघ्यापातूर भिजून सुकलेलं. हात भरून हिरवा चुडा. लाला आला तवा वैनीनंच भरला हुता. माजा धीर हुईना. मी दाराच्या चौकटीला धरून उभी ऱ्हायली. माज्यासारख्या इधवेनं तितं, नगं वाटलं तरी, म्होरं यायचंच असतं, कारन ह्या कामात बायका मलाच म्होरं करत्यात. पर म्या चौकट सोडली न्हाई.

धोंडुबाई म्हनून आमच्या भावकीतली म्हातारी. मनानं लय मऊ. तिनं अंजनाच्या गालावरनं हात फिरवला, अगदी तसाच, आनि म्हनली, “ये बाळ. हात आन. वाढवू या आता.”

“वाढवू न्हाई!”

आमी सगळ्या दचकलो. वैनी आतनं उठून आली हुती. केस सुटलेलं, पदर जमिनीला लागलेला. तिनं धोंडुबाईचा हात बाजूला केला आनि अंजनाम्होरं खाली बसली. तिच्या तोंडातनं शबुद निघंना. किती वरसं आत कोंडून ठिवलेला त्यो.

“फोड म्हन, धोंडे,” ती म्हनली. “फोड म्हन तिला. फळी मोडली हुती. मोडली हुती गं, पोरी. माजा लाला मेला. त्याच्या नावाच्या बांगड्या फोडायच्या हाईत. आन तुजं हात.”

अंजनाला कळलं, आनि तिनं दोनी हात म्होरं केलं.